तिसऱ्या भागातला नारळ

नारळ माझ्या उजव्या हातात होता, शाल डाव्या हातावर, आणि माईकवर मी नुकतंच म्हणालो होतो, "एकदा जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" टाळ्या झाल्या. टाळ्यांच्या बाबतीत आमचे नाशिकचे श्रोते कधी हात आखडता घेत नाहीत. मग मी हसतमुखाने मागे वळलो, तर रंगमंचावर बसलेली चारही वाजवणारी मुलं माझ्याकडे अशी बघत होती, की ऑपरेशन चालू असताना आत शिरलेल्या भाजीवाल्याकडे डॉक्टरही तसे बघणार नाहीत. चौघांचे गज अजून हवेत होते. गज म्हणजे व्हायोलिन ज्याने वाजवतात ती केस ताणलेली काठी. गज हवेत असले म्हणजे वादन संपलेलं नसतं, हे ज्ञान मला त्या संध्याकाळी झालं. ते आधीच व्हायला हवं होतं असं माझी बायको म्हणते. तिला सगळंच आधी कळतं.

झालं होतं इतकंच, की बाईंच्या रचनेच्या तिसऱ्या भागात एक जागा होती. तिथे चौघंही थांबत. मी, सोसायटीचा सेक्रेटरी, त्या दिवसापुरता सत्कार समितीचा अध्यक्ष आणि तिचा एकमेव सदस्य, ती शांतता बघून उठलो. आपल्याकडे सभागृहात शांतता पसरली की कोणीतरी उठून सत्कार करतो, ही रीतच आहे. बाईंनी ज्या शांततेसाठी अर्धं आयुष्य लोकांशी वाद घातला, ती मी नारळाने फोडली.

बाई आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर, बरोबर गिरणीच्या डोक्यावर राहत. खालच्या गाळ्यात पिठाची गिरणी आहे, सुमनताईंची. आम्ही सगळ्यांनी फ्लॅट घेताना गिरणी बघून नाक मुरडलं होतं. एजंटने बाईंनाही चलाखीने भर दुपारी, गिरणी बंद असताना आणलं. बाई म्हणाल्या, "खाली गिरणी दिसतेय. ती चालू झाली की परत येते." एजंटाला वाटलं, गिऱ्हाईक गेलं. बाई संध्याकाळी परत आल्या, रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून ऐकत राहिल्या आणि उठताना म्हणाल्या, "घेतला." एजंट ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं नवीन गिऱ्हाइकांना सांगायचा, मात्र त्यात बाईंना गिरणीऐवजी व्हेंटिलेशन आवडलेलं असायचं.

त्यांचं नाव घेऊन त्यांना कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. नाशिकरोडपासून सिडकोपर्यंतची मुलं त्यांच्याकडे व्हायोलिन शिकायला येत, म्हणून त्या बाई. उंच, सडसडीत, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, आणि पायात पुरुषी कोल्हापुरी चपला. चहा करून विसरायच्या आणि गार झाल्यावर "आत्ता कुठे चव आली" म्हणून प्यायच्या. सकाळी भाजीवाला आला की गॅलरीतून ओरडत, "परत म्हणा!" तो बिचारा गिऱ्हाईक समजून पुन्हा "मेथीऽऽ घ्या, कोथिंबीऽऽर" करी. "परत म्हणा. मेथीवर जरा खाली येताय आज." तिसऱ्या वेळेला बाई समाधानाने आत निघून जात. एकदा तो खालून वैतागून म्हणाला, "आजी, एखादी जुडी घ्या ना हो, गाणं फुकटच देतोय!" तेव्हापासून बाई रोज मेथी घेऊ लागल्या. त्यांना मेथी आवडत नसे. ती आमच्याकडे येई. मलाही मेथी आवडत नाही, पण आमच्या घरी माझं मत विचारात घेण्याची पद्धत नाही.

बाई वाढल्या देवळाली कॅम्पात. तिथे एका गोव्याच्या मास्तरांकडे त्या लहानपणी व्हायोलिन शिकल्या, तेही आपल्यासारखं मांडी घालून नव्हे, हनुवटीखाली धरून, साहेबी. तरुणपणी मुंबईत रेकॉर्डिंगला शेवटच्या रांगेत बसून वाजवलं. आई आजारी पडली म्हणून परत आल्या त्या इथल्याच झाल्या. सकाळ-संध्याकाळ शिकवण्या आणि मधल्या वेळात मोठाल्या कागदांवर काहीतरी लिहीत बसणं. काय लिहितात ते कोणाला ठाऊक नव्हतं. सुमनताई चांदवडकडच्या, त्यांचा अंदाज ठाम होता. "बाईंची जमिनीची केस असणार. नायतर एवढे कागद घेऊन कोण बसतं ओ?"

ती केस नव्हती, स्ट्रिंग क्वार्टेट होती. हा शब्द मला न अडखळता म्हणता येईपर्यंत बराच काळ गेला. दोन व्हायोलिनं, त्यांचं एक जरा थोराड, जरा गंभीर भावंड, त्याला व्हायोला म्हणतात, आणि एक चेलो, जो खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये धरावा लागतो. संपलं. तबला नाही, तानपुरा नाही, गाणारं कोणी नाही. मी बाईंना विचारलं, "मग ठेका कोण धरतं?"

"चौघं."

"आणि मुख्य कोण?"

"चौघं."

"आणि साथीला?"

"अहो सेक्रेटरी, ही तुमची मॅनेजिंग कमिटी नव्हे. इथे सगळे काम करतात."

ही रचना पूर्ण झाली तेव्हा बाई माझ्या आजच्या वयाच्या असतील. त्यानंतर ती कोणी वाजवली नाही. मुंबईच्या एका नावाजलेल्या वादकाकडे त्या कागद घेऊन गेल्या. त्याने चाळले, चष्मा काढला आणि विचारलं, "मिस्टरांनी लिहिलंय का?" बाई म्हणाल्या, "मिस्टर नाहीत. म्हणून तर लिहायला वेळ मिळाला." त्याने कागद परत दिले. पुढे आमच्याकडच्या एका संमेलनवाल्यांना दुसरा भाग फार आवडला, तो ओवीसारखा हळूहळू सरकतो. ते म्हणाले, दीपप्रज्वलनाच्या वेळी मागे एवढाच वाजवू. बाईंनी नकार दिला. मग पुण्याची काही मंडळी संपूर्ण वाजवायला तयार झाली. बाईंनी त्यांच्यासाठी चिवडा केला, तो करपवला आणि मग बाहेरून आणला. पण त्या मंडळींचं म्हणणं पडलं की तिसऱ्या भागातली ती थांबायची जागा तेवढी कापू या, एवढा वेळ थांबलो तर लोकांना संपलं असं वाटेल.

"वाटू दे," बाई म्हणाल्या. "मग नाही संपलं, हे कळू दे."

"लोक उठतील हो, मॅडम."

"एखादा उठेल. मूर्ख सगळीकडे असतात."

हा संवाद मला बाईंच्या विद्यार्थिनीने, केतकीने, पुष्कळ नंतर सांगितला. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, हे तिच्या घरच्या संस्कारांचं लक्षण.

आता माझा धंदा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या विकतो. लोडशेडिंगच्या वर्षांत उभं नाशिक लाइट गेली की शिव्या घालायचं, आणि मी दुकानात बसून मनातल्या मनात हात जोडायचो. आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरात माझा इन्व्हर्टर बसला. बाईंचं घर तेवढं राहिलं. ही माझ्या धंद्याला लागलेली तीट होती. मी तीनदा समजावलं. शेवटी दसऱ्याच्या दिवशी एक इन्व्हर्टर उचलून, हार घालून, माणसाकरवी थेट त्यांच्या दारात नेला. म्हटलं, "बाई, आमच्याकडून भेट. नाही म्हणू नका."

"काढा तो इथून."

"अहो, पण लाइट जाते तेव्हा अंधारात बसता तुम्ही."

"लगेच परत यायची तर ती गेली कशाला? जाऊ दे ना तिला जरा."

आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. खाली गिरणी चालू होती. बाईंनी माझं मनगट धरलं आणि मला खिडकीशी उभं केलं. "ऐका." खालचा पट्टा मंदावत गेला, त्याचा सूर ओघळत ओघळत खाली गेला आणि बसला. समोरच्या बिल्डिंगमधला मिक्सर थांबला, कुणाचा तरी टीव्ही अर्ध्या वाक्यात गेला. डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. का थांबल्या कोण जाणे. लाइट गेली म्हणून बोलायचं थांबायला त्यांची तोंडं काही विजेवर चालत नव्हती.

"काय ऐकू आलं?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही."

"तेच."

मग वरून, माझ्या घरातून, माझ्या इन्व्हर्टरचा "पीऽप" आला आणि आमचा पंखा घरघरू लागला. बाईंनी माझं मनगट सोडलं. दात दुखत असलेल्या माणसाने शेजारी कोणाला चिक्की खाताना बघावं, तशा त्या माझ्याकडे बघत होत्या. म्हणजे बघा, सगळं मला आधीच दाखवून झालं होतं. हार घातलेला इन्व्हर्टर मी परत घेऊन आलो. बायकोने तो हार देवाला घातला.

पुढे लोडशेडिंग संपलं. माझ्यापेक्षा जास्त धक्का बाईंना बसला. एक दिवस मला वीज कार्यालयातून फोन. "तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी का? एक आजी आल्यात. त्यांना घेऊन जा." मी स्कूटर काढून गेलो. बाई खुर्चीवर ताठ बसलेल्या, समोर साहेब हवालदिल. साहेब म्हणाले, "अहो, यांची तक्रार काय ते तरी समजावून सांगा."

"लाइट जात नाही," बाई म्हणाल्या.

"जात नाही, ही तक्रार आहे?"

"पूर्वी ठरलेल्या वेळी जायची. माझं काम अडलंय."

साहेबांनी चहा मागवला. तो गार होईपर्यंत बाई उठल्या नाहीत.

आणि ती जनरल बॉडी मीटिंग! गिरणीच्या आवाजाचा त्रास होतो, म्हणून ती हलवावी असा ठराव मीच लिहिला होता. सगळ्यांचे हात वर. बाई उभ्या राहिल्या. "ऐकणं हे काम आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ते येत नाही, हा गिरणीचा दोष नव्हे. गिरणी गेली तर मीही जाईन, आणि तुमची मुलं देवळालीपर्यंत शिकायला येतील." आयांचे हात खाली आले. नवऱ्यांचे आपोआप आले. सुमनताईंनी दुसऱ्या दिवशी बाईंचं दळण सगळ्यांच्या आधी लावलं, आणि माझं सगळ्यांच्या शेवटी. ती व्यवस्था आजही चालू आहे.

बाईंची पंचाहत्तरी उलटली. हातात काठी आली. शिकवण्या कमी झाल्या. एकदा मेथी द्यायला आल्या तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून बायकोला म्हणाल्या, "उज्ज्वला, मला ते एकदा कानांनी ऐकायचंय गं. डोक्यात ऐकून ऐकून झिजलं. आता काही काही ठिकाणी मला वाटतं, मीच ते बरं करून घेतेय." मी दारात होतो. बाईंना इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. बायको पोळ्या लाटायची थांबली होती.

केतकी जेल रोडची, बाईंची जुनी विद्यार्थिनी. आता मुंबईत व्हायोला वाजवते. तिला बायकोनेच फोन केला, हे मला नंतर समजलं. केतकीने तीन मित्र गोळा केले. एका रविवारी येतील, वाजवतील आणि त्याच दिवशी परत जातील. कारण प्रत्येकाला सोमवारी कुठे ना कुठे उभं राहायचं होतं. बाईंची अट एकच. काहीही कापायचं नाही. एकदाच, पण पूर्ण.

सकाळी चेलो जिन्याने बाईंच्या घरी निघाला तेव्हा सुमनताई गिरणीतून बाहेर आल्या.

"फ्रीज घेतला का बाईंनी?"

"वाद्य आहे ते," मी म्हणालो.

"एवढं? मग गाणारा केवढा आसल!"

निवेदन माझ्याकडे होतं. मी बाईंकडे गेलो. "तिसऱ्या भागाबद्दल दोन ओळी द्या, लोकांना समजायला बरं."

"देणार नाही. सांगून ऐकलं तर ते ऐकणं कसलं?"

केतकी तिच्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, इथे किती मोजायचं? आकडाच नाहीये."

"मोजायचं नाही. तुमच्यापैकी ज्याला वाटेल त्याने सुरू करायचं."

"आणि कोणालाच नाही वाटलं तर?"

"तर मग रात्रीच्या गाडीने जाल," बाई म्हणाल्या आणि गार चहा प्यायल्या. मी तिथेच उभा होतो, पण माझं लक्ष शाली किती आणायच्या यात होतं. माझ्या बचावासाठी एवढंच म्हणतो, की चौघांना चार आणि बाईंना एक, हा हिशेब मी बरोबर केला होता.

गंगापूर रोडवरचा छोटा हॉल. आमची सोसायटी, बाईंचे जुने-नवे विद्यार्थी, त्यांचे आईवडील आणि पहिल्या रांगेत शास्त्रीय संगीताचे काही जाणकार. पहिल्या भागात जाणकारांनी दोनदा "वा" म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा वादक त्यांना एकटं सोडून भलतीकडेच निघून गेले, तेव्हा ते गप्प झाले. मला विचाराल तर पहिला भाग म्हणजे चार जावांचं एका ओट्यावर चाललेलं काम होतं. भांडी आपटत होती, पण स्वयंपाक होत होता. दुसऱ्यात सगळ्यांच्या माना डोलल्या. मग तिसरा. चेलो खाली एकसारखा घुमू लागला, त्यावर व्हायोलिनं घासू लागली, कर्कश म्हणावं इतकी, आणि वेग वाढत गेला. आणि मग ते सगळं हळूहळू खाली ओघळलं. ओघळत ओघळत बसलं. थांबलं.

मी उठलो.

बायकोने माझा झब्बा धरला. "अहो, बसा."

"संपलं ना."

"नाही संपलं."

"मग थांबलेत कशाला?" असं म्हणत मी झब्बा सोडवला. माझ्या नव्या चपला पायऱ्यांवर करकरल्या. त्यापुढचं वर सांगितलंच आहे.

टाळ्या विरल्या. गज हवेतच. बाई पहिल्या रांगेतून उठल्या आणि काठी टेकत वर आल्या. मला वाटलं, सत्कार घ्यायला येताहेत. मी शाल उलगडून पुढे केली. त्यांनी ती माझ्या हातून घेतली, स्वतःच्या हाताने अंगाभोवती लपेटली, कारण हॉलचा एसी त्यांना बाधत होता, आणि माईक स्वतःकडे वळवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला नारळ जड झाला. त्या चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. स्टेशनवर धावत पोहोचल्यावर शेवटचा डबा पुढे सरकताना दिसावा, तसा तो चेहरा होता.

मग त्यांनी आयुष्यभर जे केलं नाही ते केलं, समजावून सांगितलं.

"गिरणी चालू होती," बाई म्हणाल्या. "लाइट गेली आहे. अजून आलेली नाही."

हॉलमध्ये काहीतरी हललं. कोणी हसलं नाही. नाशिकच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. प्रत्येकाच्या घरात ती संध्याकाळ होऊन गेलेली असते: डाळ अर्धी वाटलेली, मुलं पाढ्यात अडकलेली, आणि सगळे कुठल्या तरी एका दिशेला कान लावून बसलेले.

"तिसरा भाग, पहिल्यापासून," त्या चौघांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, हळू, पण माईकने ते उचललंच, "सेक्रेटरी, तुम्ही नारळ घेऊन तिथेच बसा. हलू नका."

मी रंगमंचाच्या पायरीवर बसलो. नारळ मांडीवर.

पुन्हा चेलो घुमला. या वेळी मला पट्टा दिसला. बाजरी टाकल्यावर जड होणारी घरघर दिसली, पिठाने पांढऱ्या झालेल्या सुमनताईंच्या भुवया दिसल्या. सूर ओघळला, बसला, आणि लाइट गेली. दिवे सगळे चालू होते, तरी गेली. कोणी हललं नाही. बाहेरून एक रिक्षा गेली. कोणाच्या तरी बांगड्या किणकिणल्या आणि हाताने धरून गप्प केल्या गेल्या. माझ्या मांडीवरच्या नारळातलं पाणी हललं तर सगळ्यांना ऐकू जाईल, म्हणून मी श्वास रोखून बसलो. मी बाईंकडे पाहिलं. त्या वादकांकडे बघतच नव्हत्या. शाल लपेटून, हॉलकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या आम्हाला ऐकत होत्या. इतक्या वर्षांत त्यांना कागदावर लिहिता न आलेलं तेवढंच होतं, आणि ते वाजवायला चौघं पुरणार नव्हते.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग केतकीच्या व्हायोलातून अगदी खालून, पट्टा पहिला हिसका घेतो तसा, एक सूर निघाला.

"आली!" मागून कोणीतरी म्हणालं.

आणि सबंध हॉलमधून, जाणकारांसकट, तो आवाज उठला, जो लाइट आल्यावर आमच्याकडे प्रत्येक कॉलनीतून उठतो: "आलीऽऽ!" पुढचं वादन त्या आवाजातूनच वर आलं. बाई हसल्या. तोंडावर शालीचा पदर धरून, खांदे हलवत हसल्या. मी त्यांना तसं आधी पाहिलं नव्हतं.

नंतर सत्कार झाला. घामेजलेला नारळ मी बाईंना दिला. सुमनताई पुढे आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ते सगळं खरं, पण आपला पट्टा आता एवढा किरकिर नाय करत हां बाई. बदललाय मी. लोकं काय म्हनतील?"

"पुढच्या रचनेत नवा पट्टा घालते," बाई म्हणाल्या.

मी माफी मागायला गेलो. बाईंनी मला पुरतं बोलू दिलं नाही. "तुम्ही उठला नसतात तर मला सांगावं लागलं नसतं. मी सांगितलं नसतं तर 'आली' कोणी म्हटलं नसतं. आता तुम्हाला काय म्हणावं, हे मला ठरवता येत नाहीये."

"धन्यवाद म्हणा."

"ते नाही म्हणणार."

बाई पुढच्याच हिवाळ्यात गेल्या. कागद केतकीकडे आहेत. ती सांगते, त्या थांबायच्या जागेवर बाईंनी नंतर पेन्सिलीने एक पाचवी ओळ आखली होती आणि तिच्यापुढे वाद्याच्या जागी लिहिलं होतं, "लोक". त्यांच्या फ्लॅटमध्ये आता एक बँकवालं कुटुंब राहतं. ते गिरणीबद्दल माझ्याकडे लेखी तक्रार देतात आणि मी ती जपून ठेवतो.

परवा सिंहस्थाच्या खोदकामात आमच्या रस्त्यावरची केबल तुटली. दिवेलागणीची वेळ. खाली गिरणी चालू होती. पट्ट्याचा सूर ओघळला, बसला. लगेच आमच्या इन्व्हर्टरने "पीऽप" केलं आणि पंखा सुरू झाला. बायको स्वयंपाकघरातून आली, तिने न बोलता इन्व्हर्टरचं बटण बंद केलं आणि माझ्याशेजारी येऊन बसली. अंधारात आम्ही दोघं. खाली डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकाही गप्प. मला असं बसवत नाही. केबल तुटली असेल, वीज कार्यालयाला कळवायला हवं, सेक्रेटरी म्हणून माझं काही कर्तव्य आहे, असं म्हणत मी उठायला लागलो.

बायकोने माझा झब्बा धरला.

"बसा," ती म्हणाली. "गज अजून हवेत आहेत."